उद्याची चिंता कोणी करावी?

‘प्रभू पुरवील’ हे दोन शब्द मराठी ख्रिस्ती घरांत जितक्या सहजतेने उच्चारले जातात, तितक्याच सहजतेने त्यांचा अर्थ निसटून जातो. मुलाची फी भरावयाची राहिली आहे, घरातील कर्ता माणूस रुग्णालयात आहे, सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आली असून मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, अशा प्रत्येक प्रसंगी ते बोलले जातात. बोलणारा कधी स्वतःविषयी बोलत असतो, कधी समोरच्याविषयी. स्वतःविषयी बोलताना त्यांत श्रद्धा असू शकते. दुसऱ्याविषयी बोलताना ती असतेच असे नाही. पुष्कळदा संभाषण आटोपते घेण्याची ती एक सभ्य रीत असते. ईश्वरी तरतुदीवरील विश्वासाची खरी अडचण या दोन वेळांच्या फरकात आहे, आणि धर्मोपदेशात हा फरक क्वचितच केला जातो.

मूळ शब्दच पाहण्याचा आहे. इंग्रजीतील ‘प्रॉव्हिडन्स’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ आधी पाहणे, पुढचे पाहणे असा होतो. त्याच क्रियापदापासून ‘प्रॉव्हिडंट’ हा शब्द निघाला, आणि तो ‘प्रॉव्हिडंट फंड’ या रूपाने असंख्य नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा हजर असतो. मराठीत एकाची ‘ईश्वरी तरतूद’ होते व दुसऱ्याचा ‘भविष्यनिर्वाह निधी’, त्यामुळे दोघांचे नाते लक्षात येत नाही. हिब्रू भाषेतही गोष्ट तीच. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाला डोंगरावर, पुत्राच्या ऐवजी बळी देण्यासाठी, झुडपात शिंगे अडकलेला मेंढा दिसतो आणि तो त्या जागेचे नाव ‘यहोवा-यिरे’ असे ठेवतो. त्यातील ‘यिरे’ हे क्रियापद पाहण्याचेच आहे. देव पुरवितो म्हणजे देव पाहतो. डब्यात किती पीठ उरले आहे याकडे लक्ष असणारी गृहिणीच रात्रीच्या भाकरीची सोय करू शकते, इतका हा साधा अनुभव आहे.

मग बचत करणे, विमा उतरविणे हा अविश्वास ठरतो काय? शास्त्रवचने दोन्ही बाजूंनी काढता येतात, आणि काढलीही जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाखरांचा व रानफुलांचा दाखला आहे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही त्या दिवसापुरती. निर्गमच्या पुस्तकात रानात पडणारा मान्ना माणशी एक ओमर गोळा करावयाचा होता, आणि ज्याने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्या मान्न्यात किडे पडले. परंतु त्याच नियमात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि तो साठा शब्बाथाच्या दिवशी नासत नाही. त्याच्या आधीच्याच पुस्तकात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवतो व त्यावर पुढील सात वर्षांच्या दुष्काळात मिसर देशच नव्हे तर शेजारचे लोकही तगतात. लूकच्या शुभवर्तमानातील ज्या धनवानाला मूर्ख म्हटले आहे त्याचीही कोठारे भरलेलीच होती, पण ती एकट्यासाठी भरलेली होती. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असा स्पष्ट अभिप्राय आहे.

योसेफाच्या कोठाराची दुसरी बाजूही याच पुस्तकात नोंदलेली आहे, आणि ती व्यासपीठावरून फारशी सांगितली जात नाही. धान्य फुकट वाटले गेले नाही. लोकांनी आधी पैसे दिले, मग गुरे दिली, शेवटी जमिनी दिल्या व ते फारोचे दास झाले. साठा करणे शहाणपणाचे खरे. कोठाराची किल्ली कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न त्याहून कठीण आहे.

अठराव्या शतकातील स्कॉटलंडच्या पाळकांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ही मंडळी कॅल्विनच्या परंपरेतील, म्हणजे चिमणी पडते तीही देवाच्या इच्छेने असे शिकविणारी. परंतु पाळक मरण पावला की त्याचे वेतन थांबे, घर सोडावे लागे आणि विधवा व मुले उघड्यावर येत. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी प्रांतोप्रांतीच्या मंडळ्यांकडून आकडे मागविले. वर्षाकाठी किती पाळक मरतात, किती विधवा मागे राहतात, किती मुले पोरकी होतात, हे मोजले आणि गणिते एडिंबरोचे विख्यात गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांच्याकडून तपासून घेतली. १७४४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने विधवा निधी उभा राहिला. पाळकाने चारपैकी एक वर्गणी निवडावयाची. तिच्या प्रमाणात त्याच्या विधवेला वर्षाला दहा ते पंचवीस पौंड मिळावयाचे. आधुनिक आयुर्विम्याच्या इतिहासात या निधीचे स्थान फार वरचे आहे, आणि तो उभारणाऱ्या पाळकांनी आपली श्रद्धा सोडली असे कोणी म्हणू शकणार नाही. त्या काळी मृत्यूच्या आकड्यांतील नियमितपणा हाच ईश्वरी व्यवस्थेचा पुरावा मानणारेही होते. योहान पीटर झ्युसमिल्ख या प्रशियन धर्मगुरूने १७४१ साली लोकसंख्येवर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘दैवी व्यवस्था’ हे शब्द आहेत. विम्याचा हप्ता भरताना अपराधी वाटणाऱ्या आजच्या भाविकाने या पूर्वजांची आठवण ठेवण्यास हरकत नाही.

तथापि हप्ता भरला म्हणजे विश्वासाचा प्रश्न मिटला, असेही नाही. हप्ता भरण्याइतके उत्पन्न ज्याला आहे त्याचाच तो मिटतो. म्हणूनच दुसऱ्या टोकाचे उदाहरण, म्हणजे जॉर्ज म्युलर यांचे, नीट पाहिले पाहिजे. १८०५ साली प्रशियात जन्मलेल्या या गृहस्थांचे तारुण्य लबाडीत व उधळपट्टीत गेले. खाणावळीचे पैसे बुडविल्याबद्दल त्यांनी तुरुंगही पाहिला होता. पुढे इंग्लंडात धर्मोपदेशक झाल्यावर १८३० मध्ये त्यांनी ठराविक पगार घेणे सोडून दिले. १८३६ मध्ये ब्रिस्टल शहरातील विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात त्यांनी अनाथ मुलांसाठी पहिले आश्रयस्थान काढले. १८४९ मध्ये अ‍ॅशली डाउन येथे पहिली स्वतंत्र इमारत झाली व १८७० पर्यंत अशा पाच इमारतींत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. १८९८ मध्ये ते निवर्तले तोवर सुमारे दहा हजार अनाथ मुले त्यांच्या छत्राखाली वाढली होती आणि सर्व कामांसाठी मिळून सुमारे पंधरा लाख पौंड त्यांच्या हातून खर्च झाले होते. नियम असा की गरज कोणाही माणसापुढे मांडावयाची नाही, देणगी मागावयाची नाही आणि कर्ज काढावयाचे नाही.

या गोष्टी भक्तिपर पुस्तिकांतून शेकडो वेळा सांगून झाल्या आहेत आणि त्यांत चमत्काराचा भाग रंगवून सांगण्याकडे कल असतो. हिशेबाच्या वहीकडे मात्र कोणी वळत नाही. वस्तुतः म्युलर यांच्या कामाचा गाभा तेथे आहे. आलेल्या प्रत्येक देणगीची पावती दिली जाई. देणगीदाराचे नाव जाहीर न करता रक्कम वार्षिक अहवालात छापली जाई. वाण्याकडे, दूधवाल्याकडे उधारी चालत नसे. पैसे हातात असतील तरच माल घरात येई. उधारीवर जगणे म्हणजे उद्याचे उत्पन्न आज गृहीत धरणे, आणि जे देवाने अजून दिलेले नाही ते खर्च करण्याचा अधिकार माणसाला नाही, अशी त्यामागची विचारसरणी होती. हप्त्यांवर मोटारसायकल, हप्त्यांवर दूरचित्रवाणी संच आणि हप्त्यांवर विवाहसोहळा करून मग ‘प्रभू पुरवील’ म्हणणाऱ्यांना हा म्युलर परवडणारा नाही.

त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो व तो टाकाऊ नाही. वार्षिक अहवाल छापून हजारो लोकांच्या हाती द्यावयाचा, त्यात तंगीच्या दिवसांची दैनंदिनी द्यावयाची, आणि मग आपण कोणाकडे काही मागितले नाही असे म्हणावयाचे. हे मागणे नव्हे तर काय? म्युलर यांना याची जाणीव असावी. १८४१ च्या अखेरीस हातात काही नसताना वार्षिक सभा व अहवाल त्यांनी मुद्दाम लांबणीवर टाकला, कारण त्या वेळी तो प्रसिद्ध करणे हे मदतीचे आवाहन ठरले असते. आक्षेपाचे एवढ्याने पूर्ण निरसन होते असे नाही. अहवाल आपले काम करीतच होता. परंतु त्यामुळे म्युलर यांचे मोठेपण कमी होत नाही. पैसा आला तो माणसांच्या खिशांतूनच आला. तो आला कारण दिलेला शिलिंग मुलांच्या ताटापर्यंत पोहोचतो, याविषयी देणाऱ्यांच्या मनात किंतु नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची स्वतःची मालमत्ता दोनशे पौंडांचीही भरली नाही.

ब्रिस्टलचा हा वृत्तान्त वाचून ज्यांनी आपल्या कार्याची दिशा ठरविली त्यांत पंडिता रमाबाई होत्या. म्युलर यांच्या जीवनाचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवला आहे. परंतु रमाबाईंची गोष्ट म्युलर यांच्या गोष्टीहून अधिक गुंतागुंतीची आहे, कारण भरवशाचे दुसरे रूप त्यांनी बालपणीच पाहिले होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे प्रकांड विद्वान. तीर्थयात्रा, दानधर्म व अनुष्ठाने यांत जवळचे सारे द्रव्य संपले. १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ आला तेव्हा, अंगमेहनतीची कामे करणे हे त्या घराण्याच्या संस्कारात बसत नव्हते आणि भीक मागणे स्वाभिमानात बसत नव्हते. दैवी कृपेची वाट पाहत कुटुंब रानोमाळ हिंडले. वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उपासमारीच्या या अनुभवाविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले त्यात देवावरील रोषापेक्षा, हात असून हातांना काम न शिकविणाऱ्या व्यवस्थेवरील रोष अधिक आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मराठीत थट्टेने वापरली जाते. त्यांच्या घरात तिने माणसे नेली होती.

त्यामुळे १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंचा ईश्वरी तरतुदीवरचा विश्वास खाटल्यावरचा राहणे शक्यच नव्हते. बॉस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने त्यांच्या शाळेला दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्यास आले. हमीची मुदत संपल्यावर काय, याचा विचार त्यांनी मुदत संपण्यापूर्वीच केला. पुण्याच्या पूर्वेस केडगाव स्टेशनजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा हेतू. बाग धरण्यापूर्वीच १८९६ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या पोटांसाठी कोणाचीही वार्षिक हमी नव्हती.

येथे रमाबाईंनी काय केले हे बारकाईने पाहावे. त्यांनी प्रार्थना केली. पहाटे उठून तासन् तास केली. आणि त्याच दिवशी मुलींना मागावर बसविले, तेलाच्या घाण्यावर, शेतात, गोठ्यात, छापखान्यात कामाला लावले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. देवावर विसंबणे आणि हाताला काम देणे यांत त्यांना विरोध दिसला नाही; बालपणी जे पाहिले होते त्यानंतर तो दिसणे अशक्य होते. दुष्काळात ख्रिस्ती होणाऱ्यांवर धान्यासाठी धर्म बदलल्याचा आरोप त्या काळी होत असे आणि आजही होतो. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. परंतु उपाशी मुलीला आधी जेवू घालावयाचे की आधी तिचे अंतःकरण तपासावयाचे, या प्रश्नावर रमाबाई फार वेळ रेंगाळल्या नसाव्यात.

म्युलर व रमाबाई यांच्यात एक साम्य आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. दोघांनी धोका पत्करला तो स्वतःच्या उद्याचा. पगार सोडला म्युलर यांनी. अनाथ मुलांना त्यांनी उपास धरावयास सांगितले नाही. हमी नसताना माणसे घरात घेतली रमाबाईंनी. त्या माणसांना, तुम्ही बाहेरच राहा, प्रभू पुरवील, असे त्या म्हणाल्या नाहीत. याकोबाच्या पत्रात नेमक्या याच वृत्तीवर कोरडा ओढलेला आहे. उघड्या व भुकेल्या बंधूला ऊब व तृप्ती यांचा तोंडी आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास तेथे निर्जीव ठरविला आहे.

हाच भेद एका निधर्मी न्यायालयाला करावा लागला, ही हकीकत आपल्याकडे फारशी माहीत नाही. अमेरिकेतील आमिश पंथाचे शेतकरी विमा मानीत नाहीत. सरकारी सामाजिक सुरक्षा योजनाही त्यांच्या दृष्टीने विमाच. ती घेणे म्हणजे देवावरील आणि भाऊबंदांवरील भरवसा सोडणे. १९५५ पासून स्वतःची शेती कसणाऱ्यांना ही योजना लागू झाली आणि संघर्ष सुरू झाला. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका आमिश शेतकऱ्याने पैसे भरले नाहीत म्हणून करखात्याने त्याचे नांगराचे घोडे जप्त करून विकले. बरीच ओरड झाली आणि १९६५ मध्ये कायद्याने अशा पंथीयांना सूट मिळाली. पण सूट बिनशर्त नव्हती. ती घेणाऱ्याने योजनेचे सर्व लाभ सोडावयाचे. शिवाय त्याचा पंथ आपल्या निराधार सदस्यांची तरतूद वर्षानुवर्षे खरोखर करीत आला आहे, याची खात्री पटली पाहिजे. आमिश ती पटवू शकत होते. कोणाचे धान्याचे कोठार जळाले तर शेजारचे लोक जमून ते पुन्हा उभारतात, आणि रुग्णालयाचे बिल मंडळी वाटून घेते. देवावर विसंबतो असे म्हणणाऱ्याला सरकारने विचारले, तुमच्यात पडलेल्याला उचलतो कोण? या प्रश्नाला उत्तर होते म्हणून सूट मिळाली.

पुढे एका आमिश सुताराने आपल्या नोकरांच्या वतीने भरावयाची रक्कमही याच कारणासाठी नाकारली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मालकाला अशी सूट देणे म्हणजे त्याची श्रद्धा नोकरांवर लादणे होय, असा निकालाचा आशय होता. १९८८ मध्ये मालक व नोकर दोघेही त्या पंथाचे असतील तर सूट देण्याची दुरुस्ती झाली. म्हणजे नोकराच्या उद्याविषयीचा निर्णय नोकराच्याच श्रद्धेवर सोपविला गेला.

हा निकाल वाचताना आपल्याकडील कितीतरी संस्था डोळ्यांपुढे येतात, आणि त्या एकाच धर्माच्या नाहीत. शाळा आहे, रुग्णालय आहे, वसतिगृह आहे. विश्वस्त मंडळी सज्जन आहेत. आणि शिक्षिका किंवा परिचारिका वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर काम करते आहे. वेतनवाढीचा विषय निघाला की तिला सेवाभावाची आठवण करून दिली जाते. ख्रिस्ती संस्था असेल तर ईश्वरी तरतुदीवर एखादे छोटे प्रवचनही होते. प्रवचन करणाऱ्याला निवृत्तिवेतन असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाची जुनी पद्धत बंद झाली. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना तर ती कधीच नव्हती. म्हणजे एकाच बाकावर बसून एकच प्रार्थना म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाची उद्याची भाकर सरकारी तिजोरीत आहे आणि दुसऱ्याची कोठेच नाही. दोघांना सारखाच भरवसा ठेवण्यास सांगणे सोपे आहे. पहिल्याने दुसऱ्यासाठी काय करावे हे सांगणे अवघड, म्हणून ते टळते.

अलीकडे यात आणखी एक प्रकार मिसळला आहे. इतके दान द्या म्हणजे देव शंभर पटीने परत करील, असे मोठमोठ्या मंडपांतून सांगितले जाते. ऐकणाऱ्यांत रोजंदारीवरची माणसे पुष्कळ असतात. परताव्याच्या हिशेबाने दिलेल्या पैशाला अर्थशास्त्रात गुंतवणूक म्हणतात, आणि परताव्याची इतकी मोठी बोली करणाऱ्या कोणत्याही सावकारी पेढीवर एरवी पोलिसांची नजर गेली असती. म्युलर यांनी आयुष्यभरात आलेल्या प्रत्येक शिलिंगची पावती फाडली. या मंडपांत पावतीपुस्तक शोधावे लागते.

ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीची एक नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. तक्रार भाकरीची होती आणि ती भाषिक पक्षपाताची होती. प्रेषितांनी त्या विधवांना पाखरांचा दाखला दिला नाही. त्यांनी मंडळीला बोलावून सात माणसे नेमण्यास सांगितले, ज्यांच्या चारित्र्याविषयी शंका नव्हती अशी. त्या सातांतील पहिले नाव स्तेफनाचे आहे. पहिला हुतात्मा म्हणून त्याची आठवण केली जाते. त्याची नेमणूक झाली होती ती मात्र वाटपाच्या कामावर.

आजही पुष्कळ मंडळ्यांचे वार्षिक हिशेब छापले जातात. त्यांत इमारतीची दुरुस्ती, ध्वनिवर्धक, नाताळचा खर्च ही खाती ठळक असतात. विधवा व निराधार यांना मदत हे खाते असलेच तर शेवटच्या ओळींत सापडते, आणि सभा तोवर चहाकडे वळलेली असते. त्या ओळीवर प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे.